भूलशास्त्राचे दोन आठवडे सहीपुरते घालवू नका

मुरुम, उमरगा, लोहारा या पट्ट्यातून डॉक्टर व्हायला बाहेर पडलेली आणि आता एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षात किंवा इंटर्नशिपमध्ये असलेली जी मुले-मुली आहेत, त्यांच्यासाठी ही कृती लिहितो आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार इंटर्नशिपच्या 52 आठवड्यांपैकी भूलशास्त्र आणि अतिदक्षता यांच्या वाट्याला फक्त 2 येतात. मेडिसिनला 6, सर्जरीला 6, स्त्रीरोग-प्रसूतीला 7, कम्युनिटी मेडिसिनला 12. त्यातही हे 2 आठवडे बहुतेक इंटर्न सकाळी सही करून लायब्ररीत घालवतात, कारण समोर नीट-पीजी असते. त्यांना दोष तरी किती द्यायचा? पण बॉन्डवर ग्रामीण रुग्णालयात रुजू झाल्यावर रात्री दोन वाजता कीटकनाशक प्यायलेला, तोंडाला फेस आलेला माणूस टेम्पोतून उतरवला जातो, तेव्हा एमसीक्यू कामाला येत नाहीत. त्या वेळी लागतो तो श्वास सांभाळणारा हात, आणि तो भुलेच्या टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूलाच तयार होतो.

तालुक्याच्या ठिकाणची 30 खाटांची रुग्णालये ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांना दुसरेही कारण सांगायला नको. टेबल असते, दिवा असतो, स्त्रीरोगतज्ज्ञही कधी मिळतात. सिझर अडते ते भूलतज्ज्ञासाठी. तो बहुधा ऑन-कॉल असतो आणि फोन जातो तेव्हा दुसऱ्या गावच्या दुसऱ्या केसमध्ये असतो. मग बाई 108 मध्ये बसते आणि सोलापूरच्या सिव्हिलचा रस्ता धरते.

आधी जागा आणि तारखा पक्क्या करा

मुरुमच्या मुलांना सोलापूरचे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि 2022 मध्ये सुरू झालेले धाराशिवचे शासकीय महाविद्यालय ही तिन्ही ठिकाणे एसटीने सकाळी जाऊन रात्री परत येण्याजोगी आहेत. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय थोडे लांब पडते. आपल्याच कॉलेजात शिकत असाल तर परवानगीचा प्रश्नच नाही. दुसरीकडे जायचे असेल तर दोन्हीकडची लेखी संमती लागते: आपल्या डीनचे ना-हरकत पत्र आणि तिकडच्या बधिरीकरणशास्त्र विभागप्रमुखांचा होकार. कलबुर्गी जवळ आहे म्हणून तिकडे वळायचा मोह होतो. पण विद्यापीठ वेगळे, राज्य वेगळे, कागदांतच पोस्टिंग संपेल. तिकडे सुट्टीत नुसते पाहायला जावे.

संधी तीन ठिकाणी लपलेली असते. पहिली म्हणजे अंतिम वर्षाआधीचा इलेक्टिव्हचा काळ. 2019 च्या नव्या अभ्यासक्रमाने तो आणला. सुरुवातीला तो 4-4 आठवड्यांच्या 2 गटांत होता, नंतर त्यात बदल झाले, तेव्हा आपल्या बॅचला कोणता नियम लागतो ते स्टुडंट सेक्शनमध्ये विचारून घ्या. ओटी, आयसीयू हे विषय क्लिनिकल गटात बसतात. दुसरी, इंटर्नशिपमधले ते 2 आठवडे. तिसरी संधी कुणाच्या लक्षातच येत नाही: सर्जरी, स्त्रीरोग आणि ऑर्थो मिळून 15 आठवडे तुम्ही ओटीच्या दारातच असता. रिट्रॅक्टर धरून झाला की पडद्याच्या पलीकडे, डोक्याकडे जाऊन उभे राहायला कुणी मनाई करत नाही. विचारावे मात्र लागते.

अर्ज साध्या कागदावर, विभागप्रमुखांच्या नावे, डीनमार्फत करा. तारखा, कोणाच्या देखरेखीखाली काम करणार, काय शिकायचे आहे आणि लॉगबुक कोण तपासणार, एवढे चार मुद्दे पुरेत. पोस्टिंगच्या किमान 2 महिने आधी द्या. आपल्याकडे फाइल टेबलावरून टेबलावर जायला तेवढा वेळ लागतोच.

संशोधनाची हौस असेल तर आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. विषय छोटा घ्या. उदाहरणार्थ, ठरलेल्या सिझरच्या बायका प्रत्यक्षात किती तास उपाशी असतात? सांगितलेले असते 6 तास, पण यादीत नंबर खाली गेला की रात्रीपासून दुपारपर्यंत पाण्याचा थेंब नसतो. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. घड्याळ, वही आणि एथिक्स कमिटीची मंजुरी एवढ्यावर काम भागते.

जाण्याआधीची तयारी

भूलशास्त्राचे जाडजूड पुस्तक विकत घेऊ नका. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात या विषयाच्या क्षमता एएस 1 ते एएस 10 अशा दिल्या आहेत: जीवरक्षक कृती, ऑपरेशनपूर्व तपासणी, पूर्ण भूल, अवयवापुरती भूल, शुद्धीवर येतानाची देखभाल, आयसीयू, वेदना, सलाईन, सुरक्षितता. त्या नजरेखालून घाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कॉलेजच्या स्किल लॅबमधल्या पुतळ्यावर मास्कने हवा देण्याचा सराव करा. पुतळा काही बोलत नाही. पहिली चूक त्याच्यावर झालेली बरी. इंडियन सोसायटी ऑफ अ‍ॅनेस्थेशिऑलॉजिस्ट्सच्या शाखा आणि इंडियन रिससिटेशन कौन्सिल यांचे जीवरक्षणाचे वर्ग होत असतात. सामान्य लोकांसाठी छाती दाबण्यापुरता सीओएलएस आणि रुग्णालयातल्या डॉक्टरांसाठी सीसीएलएस. पोस्टिंगच्या आधी करून ठेवा.

पहिली सकाळ: यंत्र, सिलिंडर, सक्शन

केस 9 वाजता असेल तर 8 च्या आत ओटीत हजर राहा. ओटीच्या सिस्टरना आणि सामान आणून देणाऱ्या मामांना स्वतःचे नाव सांगा, नमस्कार करा. पुढचे 2 आठवडे लॅरिंगोस्कोपचे ब्लेड कुठे ठेवलेले असते हे प्रोफेसरांपेक्षा मामांनाच जास्त माहीत असणार आहे.

मग रेसिडेंटबरोबर यंत्र तपासा. बॉईल असो की नवे वर्कस्टेशन, क्रम तोच: ऑक्सिजनचा दाब, राखीव सिलिंडर, श्वासाच्या नळ्या कुठे गळतात का, सक्शन ओढते का, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, आणि यंत्र बंद पडलेच तर अंबू बॅग हाताशी आहे का. आपल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर काळा आणि खांदे पांढरे, नायट्रस निळा. रंगावर भिस्त ठेवू नका, पिन इंडेक्सही पाहा: ऑक्सिजनच्या भोकांची जोडी 2-5, नायट्रसची 3-5. ही जोडी चुकीच्या जागी बसतच नाही, म्हणून तर ती केली आहे.

सिलिंडरचा हिशेब इथेच शिकून घ्या, कारण पुढे मुरुमला तो रोज लागेल. रुग्णवाहिकेत ठेवतात तो बी टाईप सिलिंडर भरलेला असताना सुमारे 1500 लिटर ऑक्सिजन देतो. मिनिटाला 10 लिटर सोडला तर 150 मिनिटे, म्हणजे अडीच तास. काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास. मुरुमहून हायवेला लागून सोलापूर गाठायला किती वेळ लागतो, त्यात नळदुर्गच्या आसपास ट्रकची रांग लागली तर किती, याचा अंदाज तुम्हाला आहेच. भागाकार करा आणि मगच रुग्णाला गाडीत घाला. ‘सिलिंडर आहे ना?’ असे विचारून निघणारे पुष्कळ असतात. काटा किती आहे हे विचारणारे तुम्ही व्हा.

रुग्णाशी बोलणे, म्हणजे पीएसी

ऑपरेशनपूर्व तपासणीला, म्हणजेच पीएसीला, लोक ‘फिटनेस’ म्हणतात. कागदावर सही मिळाली की झाले, असा समज डॉक्टरांतही आहे. प्रत्यक्षात भूलतज्ज्ञाचे निम्मे काम ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात होते, आणि विद्यार्थ्याला निर्धास्तपणे एकट्याने करता येण्याजोगे काम हेच.

उपास विचारण्याची रीत शिका. ‘काही खाल्लंय का?’ या प्रश्नाला आपल्याकडची आजी ‘न्हाई की’ म्हणणारच, कारण तिच्या लेखी खाणे म्हणजे भाकरी. म्हणून पायरीपायरीने विचारा.

‘आजी, सकाळपासून काय घेतलंत?’
‘काईच न्हाई. उपाशीच हाय मी.’
‘चहा?’
‘च्या घेतला की, त्याला काय हुतंय.’
‘दुधाचा? कशाबरोबर?’
‘दोन बिस्कुटं. गोळी घ्यायची हुती म्हणून.’
‘कसली गोळी?’
‘बीपीची.’

एवढ्या बोलण्यात तीन गोष्टी हाती लागल्या. केस पुढे ढकलायची आहे, रक्तदाबाची गोळी घेतलेली आहे आणि आजी खोटे बोलत नव्हत्या. नियम पाठ करून ठेवा: साधे पाणी 2 तास, आईचे दूध 4, दूध किंवा हलके खाणे 6, तेलकट-मांसाहारी 8 तास.

पुढे तोंड. रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का पाहा. आपल्या भागात गुटखा आणि मावा इतका मुरला आहे की तिशीतल्या तरुणाचे तोंडही दीड बोटापुरते उघडते. असे तोंड आदल्या दिवशी सापडले तर तयारी करता येते. टेबलावर, औषध दिल्यावर सापडले तर जिवाशी खेळ. घशाचा जो भाग दिसतो त्यावरून मल्लमपटी वर्ग लिहितात, डॉ. मल्लमपटी यांनी ही पद्धत 1985 मध्ये मांडली. मान मागे जाते का, दात हलतात का, कवळी आहे का, बायकांना मिश्रीची सवय आहे का, हेही विचारा. आळंद रस्त्याच्या बाजूचे रुग्ण कन्नड बोलतात. ‘ऊटा आयता?’ आणि ‘बायि तेगीरि’ एवढे आले तरी जेवणाचा आणि तोंड उघडण्याचा प्रश्न सुटतो. तांड्यावरच्या रुग्णाबरोबर लमाणी बोलणारा नातेवाईक थांबवून घ्या.

ट्यूबच्या मागे लागू नका

प्रत्येक इंटर्नला नळी टाकायची असते. फोटोही हवा असतो. माझे मत स्पष्ट आहे: तुमच्या 2 आठवड्यांत एकही नळी पडली नाही तरी चालेल, पण मास्क धरता आला नाही तर पोस्टिंग फुकट गेली. नळी न पडल्याने माणूस मरत नाही. हवा न गेल्याने मरतो.

डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मास्कवर इंग्रजी सी अक्षरासारखी, उरलेली तीन बोटे जबड्याच्या हाडावर, मऊ भागावर नाही. मास्क चेहऱ्यावर दाबायचा नसतो. जबडा मास्कमध्ये उचलून घ्यायचा असतो. सुरुवातीला करंगळीच्या मुळाशी कळ येते, हात थरथरतो. येऊ द्या. दर 5 ते 6 सेकंदांनी एक श्वास, छाती उठताना दिसेल एवढाच. जास्त दाबले तर हवा पोटात जाते आणि पोटातले वर येते. छाती उठत नसेल तर जोर वाढवू नका, डोके आणि जबडा पुन्हा नीट करा, तोंडात एअरवे घाला. एअरवेचे माप ओठांच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत घेतात. तरीही जमत नसेल तर दोन हातांनी मास्क धरा आणि बॅग दुसऱ्याला दाबायला सांगा. ग्रामीण रुग्णालयात तो दुसरा माणूस म्हणजे सिस्टर, म्हणून पुढे तिलाही शिकवा.

वरिष्ठ नळी टाकत असतील तेव्हा नळीकडे पाहू नका, मॉनिटरवरच्या कार्बन डायऑक्साइडच्या रेषेकडे पाहा. नळी अन्ननलिकेत गेली असेल तर ती रेष लगेच सपाट होते. ऑक्सिजनचा आकडा मात्र बराच वेळ 99 दाखवत राहतो, कारण आधी 3 मिनिटे शुद्ध ऑक्सिजन देऊन फुप्फुसे भरलेली असतात. नवशिक्या त्याच आकड्यावर विसंबतो आणि तो खाली यायला लागला की उशीर झालेला असतो.

या विषयात आपल्या मुलखाचा एक जुना धडा आहे. मुरुम 1948 पर्यंत निझामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्याच संस्थानात 1888 आणि 1889 मध्ये डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने दोन क्लोरोफॉर्म कमिशने बसली, निझामाच्या पैशांनी. निष्कर्ष असा की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, तेव्हा श्वासावर लक्ष ठेवा, नाडीची चिंता नको. लॉरी हुशार आणि अनुभवी होते, तरी निष्कर्ष चुकला. 1911 मध्ये लेव्ही या संशोधकाने प्रयोगांनी दाखवले की हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये हृदयाची लय बिघडून अचानक मृत्यू येऊ शकतो. क्लोरोफॉर्म केव्हाच गेला, पण मॉनिटर लावलेला असला तरी एक बोट नाडीवर आणि डोळे छातीवर ठेवण्याची सवय सोडायची नाही. हैदराबाद मेडिकल स्कूलमध्येच शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी मानल्या जातात. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे.

कमरेतले इंजेक्शन

सिझरची भूल बहुधा कमरेतूनच देतात. तुम्ही ती देणार नाही. रुग्णाला बसवून धरणार आहात. हेही शिकण्यासारखे काम आहे. पाय स्टुलावर, हनुवटी छातीला, पाठ बाहेर. कमरेच्या दोन्ही हाडांचे माथे जोडणारी रेषा चौथ्या मणक्याच्या आसपास जाते. मज्जारज्जू मोठ्या माणसात त्याच्या बराच वर, पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो, म्हणून ही जागा निवडतात. पाठीत सुई टोचल्यावर नंतर आयुष्यभर कंबर दुखते, हा समज घेऊनच बाई आलेली असते. तिचे शंकानिरसन आधी करा, नाहीतर ती ऐन वेळी हलते.

औषध गेल्यावर सगळ्यांचे लक्ष सर्जनकडे जाते. तुमचे बाईकडे राहू द्या. उजव्या कुशीखाली घडी घालून तिला थोडे डावीकडे कलते ठेवतात, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडत नाही. रक्तदाब दर मिनिटाला पाहा. ‘मळमळतंय’ असे ती म्हणाली की आकडा यायची वाट पाहू नका, दाब खाली चालला आहे असे समजून वरिष्ठांना सांगा. अशी एक हाक वेळेवर दिलीत तर दुसऱ्या दिवसापासून रेसिडेंट तुम्हाला स्वतःहून जवळ बोलावतील.

एक सक्त सूचना. विद्यार्थी आणि इंटर्न यांनी एकट्याने भूल देऊ नये. कोणी आग्रह केला, ‘मी आहे इथेच’ म्हणून चहाला गेले तरी नाही म्हणा. इंटर्नच्या हातून औषध जाते ते वरिष्ठ शेजारी असतानाच. सिरिंजवर लेबल नसेल तर ती फेकून द्या, अंदाज करू नका.

रिकव्हरीत निदान एक दुपार काढा. घोरणे म्हणजे अडलेला श्वास हे तिथे कानाला कळते. आयसीयूत एक रात्र काढली तर उत्तम.

लॉगबुक

रोजच्या केसची नुसती यादी करू नका. प्रत्येक दिवसाची एकच केस घ्या आणि तिच्यात वरिष्ठांनी बेत का बदलला ते लिहा. संख्या छापील तक्त्यात भरा, सही त्याच दिवशी घ्या. शेवटच्या दिवशी घेतलेल्या सह्या सगळ्यांना ओळखू येतात. रुग्णाचे नाव, गाव लिहू नका.

मुरुमला परतल्यावर

कम्युनिटी मेडिसिनच्या 12 आठवड्यांत किंवा बॉन्डच्या वर्षात ग्रामीण रुग्णालयात गेलात की पहिल्याच आठवड्यात चार गोष्टी स्वतः पाहा: सिलिंडरचा काटा, सक्शन, अंबू बॅगची झडप फाटलेली तर नाही, आणि लहान मुलांचा मास्क आहे का. शासकीय महाविद्यालयात शिकलेल्यांना 1 वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते. तेव्हा हे वर्ष येणारच आहे असे धरून चाला. ऑन-कॉल भूलतज्ज्ञ केसला आले की त्यांच्याबरोबर उभे राहायची परवानगी मागा. एकटे काम करणारा भूलतज्ज्ञ कशाकशाची तयारी करून येतो हे कॉलेजात पाहायला मिळत नाही.

शासकीय सेवेत राहणाऱ्या एमबीबीएस अधिकाऱ्यांसाठी केंद्र सरकारचे ‘लाइफ सेव्हिंग अ‍ॅनेस्थेटिक स्किल्स’ प्रशिक्षण आहे. सुरुवातीला ते 18 आठवड्यांचे होते आणि अडलेल्या बाळंतपणातल्या भुलेपुरते आहे. ते घेतले म्हणून हर्नियाला हात घालायचा नाही. जिल्हा आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांच्या कार्यालयात पुढच्या तुकडीची चौकशी करा.

या विषयातच राहायचे ठरले तर नीट-पीजीनंतर एमडी किंवा डीएनबी 3 वर्षांचे, राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा डीए डिप्लोमा 2 वर्षांचा. एमडी करताना 3 महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. ते धाराशिवला मिळतात का, हे प्रवेश घेतल्यावर विभागात लगेच विचारा. पुढे क्रिटिकल केअर, कार्डिअ‍ॅक, वेदनाशामक उपचार अशा वाटा आहेत. आणि अंतिम वर्ष अजून सुरू व्हायचे असेल तर इलेक्टिव्हचा अर्ज याच महिन्यात टाका. विभागप्रमुखांना प्रत्यक्ष भेटून द्या, शिपायाच्या हाती देऊ नका.